खिडकीची डावी कड

फुंचोकनं तोंड मिटलं ते मिटलंच. सकाळी लोणी घातलेला चहा नको, दुपारी शेवयांचा ठुक्पा नको, आणि संध्याकाळी कुनझेसनं जवाचं पीठ चहात कालवून त्याची मऊ गोळी ओठांशी नेली, तर त्यानं दात असे आवळले, जणू बायको विष चारतेय. नोव्हेंबर सरत आलेला, नव्या वर्षाचा लोसार सण तोंडावर, घर नुकतं कुठं उबदार झालेलं, आणि नेमका आताच या माणसाला उपास सुचावा! कुनझेसला रडू यावं की राग, ते तिचं तिलाच कळेना. शेवटी राग आला. तो तिला नेहमीच आधी यायचा.

"नका खाऊ," ती म्हणाली. "माझं काय जातंय? वाटी धुवायचा त्रास वाचला."

फुंचोकनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्याची मान खिडकीकडं वळलेली होती, आणि तीन वर्षं ती तशीच वळलेली असायची. पक्षाघाताच्या झटक्यात उजवं अंग गेलं, वाचा गेली. मागं उरला डावा हात, डावीकडं वळणारी मान आणि "अं" एवढा एकच शब्द. एके काळी हा माणूस खेचरं घेऊन खिंडी ओलांडायचा, आणि त्याच्या शिव्या खेचरांच्या आधी गावात पोचायच्या. आता स्वयंपाकघरात, खिडकीलगत घातलेल्या गादीवर तो दिवसभर पडून असायचा.

गेल्या हिवाळ्यात तर तो हातचा जायचाच राहिला. भिंतींना आतून बर्फाची साय धरायची. फुंचोकच्या छातीत कफ भरला आणि लेहच्या इस्पितळात नळ्या लावून ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी जिगमेतला बाजूला घेतलं आणि स्पष्टच सांगितलं, की असा आणखी एक गारठा तुझ्या आबांना झेपायचा नाही. जिगमेत हा कुनझेसचा एकुलता मुलगा. उन्हाळाभर लेहला टॅक्सी चालवायचा, हिवाळ्यात घरी यायचा. त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं, की पुढच्या थंडीआधी स्वयंपाकघराला आतून दुसरी भिंत घालायची.

त्यासाठी सुतार म्हणून मुरुप आला. हात चालायचा तशीच त्याची जीभही चालायची. मातीच्या विटांच्या जुन्या भिंतीपुढं वीतभर जागा सोडून त्यानं पॉपलरच्या पट्ट्यांचा सांगाडा उभा केला, मधल्या पोकळीत मेंढ्यांची लोकर आणि लाकडाचा भुसा ठासून भरला आणि वरून प्लायवूड ठोकलं. चारही भिंती झाल्या. खोली थोडी लहान झाली, पण ऊब अशी, की कुनझेसला चुलीपाशी लोकरीचा झगा काढून बसावं लागलं.

भिंत घालणं सोपं असतं हो. खरी पंचाईत खिडकीपाशी होते. चौकट राहते पार बाहेरच्या अंगाला, भिंत येते आत, आणि मधे पडतं खिंडार. उघड्या विटा, सांगाड्याचं लाकूड, बाहेर लोंबणारी लोकर. ते चारी बाजूंनी फळ्या ठोकून बंद करायचं, आणि फळीमागं एवढीशीही फट ठेवायची नाही. नाही तर तेवढ्याच जागेतून गारठा शिरतो आणि भिंतीला पाझर सुटतो.

"आचे-ले," मुरुप म्हणाला होता. वयानं धाकटा, म्हणून तो कुनझेसला थोरल्या बहिणीच्या नात्यानं हाक मारायचा. "फळ्या सरळ ठोकल्या तर खिडकीची विहीर होईल. उजेडही कमी, दिसणारही कमी. एक बाजू तिरकी तासून देतो, म्हणजे नजर मोकळी होईल. पण एकच हं. तिरक्या फळीमागं लोकर कमी मावते, थंडी तिथून येते. बोला, कुठली बाजू?"

यात विचारायचं काय होतं? चुलीपाशी जो तो आपापल्या जागी बसला होता. मुरुप पाहुण्याच्या जागी, त्याच्या खालच्या जागी जिगमेत, दाराकडं शेजारची यांगडोल. त्या सगळ्यांना खिडकीतून डाव्या हाताला, टेकडीवरचा मठ, गोम्पा दिसायचा. चूल खिडकीच्या उजव्या अंगाला, म्हणून त्यासाठी उजवी कड तासायला हवी होती.

"आजारी माणसाच्या डोळ्यांपुढं गोम्पा हवाच," यांगडोल म्हणाली. "तेवढंच पुण्य गाठीला."

"आबा तीन वर्षं तेच तर बघतायत," जिगमेत म्हणाला.

कुनझेसनंही मान डोलावली. खेचरांना शिव्या देणारा नवरा म्हातारपणी देवाला लागला, याचं तिला आतल्या आत बरंच वाटायचं, चार बायकांत ती ते सांगायचीसुद्धा. उशीवरून खरोखर काय दिसतं, हे कुणी पाहिलं नव्हतं, आणि पाहणार तरी कसं? वडीलधाऱ्याच्या जागेवर कुणी बसत नाही, त्याच्या अंथरुणावरून पाय टाकून जात नाही, मग त्याच्या उशीला डोकं टेकणं तर लांबच. कुनझेस स्वतः उभ्या संसारात नवऱ्याच्या जागेवर कधी बसली नव्हती. तिचं अंथरूण पायथ्याशी.

मुरुपनं उजवी कड छान तिरकी तासली. डावीकडं, फुंचोकच्या डोक्याशी, लोकर दाबून दाबून भरली आणि वर सरळ रुंद फळी ठोकली. रंधा मारून मारून ती आरशासारखी गुळगुळीत केली. काम संपल्यावर फुंचोकनं डावा हात उचलला, फळीकडं केला आणि म्हणाला, "अं."

"बघा, कामाची पारख आहे!" मुरुप खूश झाला.

फुंचोकनं पुन्हा हात केला. "अं! अं!"

"वारा लागतोय का आबांना?" जिगमेतनं विचारलं. मग मुरुपनं उदबत्ती पेटवून फळीच्या सगळ्या सांध्यांवरून फिरवली. धूर सरळ वर गेला, जरासुद्धा हलला नाही. फट नव्हतीच. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, सगळे चहा प्याले, आणि त्या रात्रीपासून फुंचोकनं जेवण सोडलं.

गावचा वैद्य येऊन नाडी बघून गेला. नाडी कमजोर आहे, म्हणाला, पण रोग दिसत नाही. "यांच्या मनात काय आहे ते शोधा. पोटात अन्न गेलं नाही तर माझ्या गोळ्या काय करणार?" यांगडोलनं गोम्पात दिवे लावून घेतले. जिगमेतनं लेहहून सफरचंदाचा रस आणला, तो उशीवर सांडला. कुनझेसनं लाडीगोडी करून पाहिली, धमकावून पाहिलं, एकदा तर नाक दाबून चमचा आत घातला. त्यानं सगळं तिच्या अंगावर थुंकून टाकलं. पाणी तेवढं घ्यायचा. गाल आत गेले. कुनझेसला आता भीती वाटायला लागली होती. या घराला लोकर लावली ती त्याच्यासाठी, आणि याच घरात तो तिच्या डोळ्यांदेखत विझत चालला होता.

मग एका दुपारी जिगमेतनं आबांना उचलून शेजारच्या, ऊन धरणाऱ्या काचेच्या खोलीत नेलं, अंग पुसायला. कुनझेस गादीवरची चादर बदलायला बसली. रात्ररात्र झोप नाही, दिवसा जेवण नाही, कारण नवऱ्यानं न खाता आपण खायचं कसं? चादर खोचता खोचता तिला गरगरलं. ती तिथंच गादीवर कलंडली, आणि डोकं टेकलं ते नेमकं त्याच्या उशीवर. उठावं असं वाटलं, पण अंगात त्राण नव्हतं. पाप लागायचं असेल तर लागू दे, तिनं मनात म्हटलं, आणि मान डावीकडं वळवली.

समोर फळी. फळीशिवाय काही नाही. पलीकडं बोटभर आभाळाची पट्टी, बस्स. गोम्पा कुठाय? तिनं मान ताणली, मान आखडती घेतली. गोम्पा दिसायला तयार नाही. दिसणार कसा? गोम्पा डावीकडं, आणि उशी तर खिडकीच्या डाव्या कडेच्याही मागं. इथून नजर तिरकी उजवीकडंच जाणार. म्हणजे फळी ठोकण्याआधीसुद्धा इथून गोम्पा दिसत नव्हता. तीन वर्षांत एकदाही नाही.

"अगं बाई!" कुनझेस उठून बसली. मग हा माणूस बघत काय होता?

मुरुप बाहेर जिन्याची मोडकी पायरी बसवत होता. तिनं त्याला हाक मारून आत घेतलं. "ती डावीकडची फळी काढ."

"आचे-ले, एवढी मापात बसलेली फळी काढू? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"डोकं उशीवर होतं, म्हणून तर सांगतेय. काढ!"

मुरुपनं कुरकुरत स्क्रू सोडवले, फळी उतरवली, मागची लोकर उपसली आणि सांगाड्याचा डावा खांबही बाजूला सरकवला. कुनझेस त्याच्यादेखत पुन्हा नवऱ्याच्या अंथरुणावर आडवी झाली. मुरुप बिचारा लाजून चुलीकडं तोंड करून उभा राहिला.

या वेळी तिला दिसलं. खिडकीबाहेर तळमजल्यावरच्या गोठ्याचं सपाट धाबं होतं. त्यावर एका बाजूला रचलेल्या गोवऱ्या, पलीकडं गवताची गंजी, आणि गंजी आणि धाब्याचा कठडा यांच्या मधे एक अरुंद जागा, एका माणसानं जेमतेम बसावं एवढी. लांब नाही, दहा-बारा पावलांवर. उन्हात लखलखीत दिसत होती.

कुनझेस कोपरावर टेकून उठली.

ती जागा तिची होती. गोवऱ्या आणायच्या निमित्तानं ती दिवसातून किती तरी वेळा धाब्यावर जायची, आणि अगदीच सहन झालं नाही की त्या गंजीमागं जाऊन बसायची. तिथं ती रडायची. तोंडात बाही कोंबून नव्हे, चांगलं भोकाड पसरून, छाती पिटून. घराकडं मूठ उगारून नवऱ्याला शिव्या द्यायची. खेचरांच्या मागं फिरून आयुष्य काढलंत, आणि आता माझ्या गळ्यात पडलात, म्हणायची. एकदा, गेल्या हिवाळ्यात, तो इस्पितळात जाण्याच्या आदल्या दिवशी, तिनं आभाळाकडं दोन्ही हात जोडून मागितलं होतं, की दोघांपैकी एकाला तरी सोडव. हे तिनं सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. ती जागा दारातून दिसत नव्हती, अंगणातून दिसत नव्हती, चुलीपासून दिसत नव्हती. तिनं सगळीकडून बघून खात्री करून घेतली होती, फक्त ही उशी राहिली होती.

शब्द त्याला ऐकू गेले नसतील, दोन काचा होत्या मधे. पण हातवारे? मूठ? जोडलेले हात? तीन वर्षं हा माणूस इथं पडून ते सगळं बघत होता! लाजेनं तिचे कान तापले. आणि मग आणखी एक गोष्ट आठवली, ती त्याहून वाईट. रडून झाल्यावर ती आत यायची, डोळे पुसत म्हणायची, "वाऱ्यानं डोळे चुरचुरतात बाई." तेव्हा तो डाव्या हातानं गादीवर थापट्या मारायचा, बाजूला, रिकाम्या जागेवर. ती समजायची लघवी लागली. ती भांडं आणायची, तो ते ढकलून द्यायचा, आणि ती खेकसायची, "मग हात कशाला आपटता?" दर वेळी असंच. बस म्हणत होता तो. ये, इथं बस, एवढंच म्हणत होता, आणि ती त्याच्यापुढं भांडं धरत होती.

"काय दिसतंय, आचे-ले?" मुरुपनं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"काही नाही," कुनझेस म्हणाली. "गोवऱ्या. बसव परत फळी."

"म्हणजे उगाचच काढायला लावली?"

"बसव म्हटलं ना!"

मुरुपनं लोकर गोळा करायला घेतली. कुनझेस गादीच्या कडेला बसून राहिली. अख्ख्या घरात तिची म्हणावी अशी तेवढी एकच जागा होती. बाकी सगळीकडं ती कुणाची तरी बायको होती, आमा होती, शेजारीण होती. त्या गंजीमागं ती नुसती एक दमलेली बाई होती. आता ती जागाही द्यायची? फळी बसली की जागा तिची तिला राहणार होती, आणि इथं नवरा फळीकडं बघत उपाशी मरणार होता. तिनंच तर हात जोडून मागितलं होतं. आता मिळत होतं, तर नकोसं का वाटत होतं?

आणि तिला वाटलं, मेल्यानं बघितलं तर बघितलं सगळं. मूठ बघितली, हात जोडलेले बघितले, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मान तिकडंच. दुसऱ्या कुणाचं तोंड फिरलं असतं. याचं नाही फिरलं. उलट ती दिसेनाशी झाली तेव्हा यानं जेवण टाकलं.

मुरुपनं पहिला स्क्रू लावला होता.

"थांब," ती म्हणाली. "ती कड तिरकी तास. उजवीकडची केलीस तशीच. त्याहून जास्त."

तेवढ्यात जिगमेत आबांना घेऊन आत आला, आणि डोक्याशी पडलेलं खिंडार बघून भडकला. "आमा, हे काय? सगळा गारठा त्यांच्या डोक्यावर येईल! डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या विसरलीस?"

"गारठ्यानं मरायला तरी माणसाला आधी जगायला हवं ना? खातायत का ते?"

"पण तिकडून दिसतं काय? गोवऱ्या!"

"त्यांना गोवऱ्या आवडतात," कुनझेस म्हणाली. "तू तुझी टॅक्सी बघ."

मुरुपनं तोंड वाकडं केलं, पण डोकं लढवलं. लोकर कमी करायची नसेल तर जुनीच भिंत खायला हवी, म्हणाला. मग पटाशीनं त्यानं मातीच्या विटांची आतली कड तिरकी तासून काढली, वरच्या तुळईला धक्का न लावता. खोलीभर धूळ झाली. जिगमेत खोकत बाहेर गेला आणि थोड्या वेळानं स्वतःच येऊन माती उपसायला लागला. शेवटी भरायला लोकर पुरेना. मुरुपनं पोतं झटकून दाखवलं. कुनझेसनं पायथ्याची आपली गादी ओढली, शिवण उसवली आणि मूठमूठ लोकर काढून त्याच्या हातात देत राहिली.

"आणि तुम्ही निजणार कशावर?" मुरुपनं विचारलं.

"भुशावर. खेचरवाल्याची बायको आहे मी. तू ठास."

त्यानं फळीमागं इतकी ठासली, की फळी बसवताना जिगमेतला खांदा लावून रेटावी लागली. उदबत्ती पुन्हा फिरली, धूर पुन्हा सरळ गेला. रात्रीसाठी खिडकीला जाड रजईचा पडदा लावायचं जिगमेतनं कबूल करून घेतलं, आणि मगच आबांना गादीवर निजवलं.

फुंचोकची मान सवयीनं डावीकडं वळली. त्याला आनंद झाला की काय झालं, त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना, अर्धा चेहरा तर मेलेलाच होता. कुनझेसनं ठुक्पाची वाटी पुढं केली. त्यानं तोंड उघडलं नाही.

"आता काय राहिलं?" जिगमेत वैतागून म्हणाला.

काय राहिलं ते कुनझेसला कळलं. धाबं रिकामं होतं.

ती टोपली घेऊन बाहेर गेली. ऊन उतरणीला लागलं होतं, वारा नव्हता. तिनं गोवऱ्या टोपलीत टाकल्या, मग टोपली तिथंच ठेवून गंजीमागं गेली. खिडकीच्या काचेत आभाळच दिसत होतं, आतलं काही दिसत नव्हतं. तो बघतोय की डोळे मिटून पडलाय, कळायला मार्ग नव्हता. सवयीनं तिनं घराकडं पाठ केली. हुंदका फुटायच्या आधी ती वळली, काचेकडं तोंड करून उभी राहिली आणि तशीच रडली. चेहरा झाकला नाही, डोळे पुसले नाहीत. मूठ उगारावीशी वाटली तेव्हा तीही उगारली.

आत आली तेव्हा नाक लाल होतं आणि गाल ओले होते. जिगमेत आणि मुरुप दोघंही तिच्याकडं बघायला लागले. ती त्यांच्यामधून सरळ गेली आणि नवऱ्याच्या उशीशी, त्याच्या गादीवर बसली.

"वारा नव्हता," ती त्याला म्हणाली. "रडून आलेय. तुमच्यापायीच. आता खा."

फुंचोकनं तिच्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं.